मदत हवी आहे: घाटासाठी छिद्रं-खाचांची ब्रेक डिस्क घ्यावी का?

राम राम मंडळी. गाडी बोलेरो, पुढे डिस्क, मागे ड्रम. परतवाडा-चिखलदरा घाटात माणसं आणि सामान घेऊन नेहमीचं जाणं-येणं. भरली गाडी उतरताना अर्ध्या घाटात पुढच्या चाकांतून जळका वास सुटतो आणि ब्रेक नीट धरत नाही. पेडल मात्र घट्टच राहतं, खाली जात नाही. म्हणजे ब्रेक ऑइल उकळत नसावं, डिस्कला दाबून धरणारे पॅडच तापून पकड सोडत असावेत.

पॅड नवे टाकले, तेही कंपनीचेच. ऑइल बदलून डॉट ४ दर्जाचं भरलं, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं, मागचे ड्रम अ‍ॅडजस्ट केले. उतार दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो, हे आधीच सांगतो. डिस्क झिजून किमान जाडीपर्यंत आली आहे, त्यामुळे बदलायची तर आहेच.

दुकानदार छिद्रं आणि खाचा दोन्ही असलेली जोडी घ्या म्हणतो. भाव साध्या डिस्कच्या दुपटीच्या वर. छिद्रांपाशी तडे जातात, खाचांमुळे पॅड लवकर झिजतात, एवढं ठाऊक आहे. माझी खरी काळजी चिखलाची. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती चाकात लिंपून बसते, वाळली की पेचकसानं खरवडावी लागते. ती छिद्रांत भरली तर?

शर्यतीची नाही, भरलेली गाडी घाटात चालवणाऱ्यांनी सांगा: अशा डिस्कनं खरंच फरक पडला का, की कंपनीची साधी डिस्क आणि जास्त उष्णता झेलणारे पॅड पुरतील? आणि तसे पॅड बोलेरोला कोणते बसतात?