कुपवाड एमआयडीसी: सुपरवायझरना मुलाखत घ्यायला कसं शिकवावं?

प्रश्न: आमच्याकडे सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटरच्या मुलाखती तिघे सुपरवायझर घेतात. एकाच मुलाला एक जण ‘घ्या’ म्हणतो, दुसरा ‘नको’. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात काय शिकवावं?

मिरजकर: आधी प्रश्न पक्के करा. सहा पुरेत, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. ‘स्वतःबद्दल सांगा’ काढून टाका, त्यातून फक्त बोलका कोण ते कळतं. त्याऐवजी: ‘जॉबचं माप हळूहळू टॉलरन्सबाहेर चाललंय, आधी काय बघाल?’ (जॉब म्हणजे मशीनवर बनणारा भाग, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.) नमुना उत्तरंही लिहून ठेवा. नुसतं ‘ऑफसेट (मशीनमधलं मापाचं सेटिंग) बदलतो’ म्हणाला तर 1 गुण. मोजमाप पुन्हा तपासून इन्सर्टची (कापणाऱ्या टोकाची) झीज बघतो म्हणाला तर 3. शिवाय आधीचे जॉब बाजूला काढून तपासतो म्हणाला तर 5. व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) आणि ड्रॉइंग हातात द्याच.

सांगलीकर_एचआर: वरच्यात भर. सराव हवाच: एकाने उमेदवार व्हायचं, बाकीच्यांनी एकमेकांशी न बोलता गुण लिहायचे, मग ताडून बघायचे. दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला तर निकष मोघम आहे, तो सुधारा. खऱ्या मुलाखतीतही चर्चेआधीच गुण लिहायचे. नाहीतर साहेब बोलले की सगळे माना डोलावतात.

विटेकर: ‘गाव कुठलं, पाहुणे कुठले’ हे बंद करा. गप्पा म्हणून सुरू होतं आणि जातीवर जाऊन थांबतं. मुलींना लग्नाचं विचारू नका. भरतीत स्त्री-पुरुष भेदाला 1976 च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. रात्रपाळी जमेल का, हे मात्र सगळ्यांना विचारा.

प्रश्नकर्ता: व्हर्नियर कुठला द्यावा?

मिरजकर: 0.02 मिमी लीस्ट काउंटचा (म्हणजे इतकं बारीक माप दाखवणारा), डिजिटल नको.