एम्प्लॉयमेंटचं ऑफिस जवळ हवं : विदर्भातल्या गावांतले अनुभव लिहा

यवतमाळ जिल्हा (धागा सुरू करताना)

आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी आवारातल्या एका खोलीत दर मंगळवारी रोजगार मार्गदर्शनाचे एक बाबू येऊन बसायचे. मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस. मीठ-मिरची घ्यायला आलेला माणूस पिशवी बाकाखाली ठेवून पोराच्या नावनोंदणीचं विचारून जायचा. दीड वर्ष झालं, खोलीला कुलूप आहे. विचारलं की उत्तर मिळतं, "आता सगळं ऑनलाइन आहे, काही अडलं तर जिल्ह्याला जा." जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर भाडं. ज्याच्या हाताला कामच नाही त्यानं ते पैसे आणायचे कुठून?

पाटीवरचं नाव बदलत गेलं. सेवायोजन कार्यालय, मग रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र, आता त्यात कौशल्य विकास आणि उद्योजकताही आली. आमचे म्हातारे अजून "एम्प्लॉयमेंट"च म्हणतात. खोली उघडावी म्हणून आम्ही ग्रामसभांचे ठराव गोळा करतोय, त्याला जोडायला खरे अनुभव हवेत. नोकरी लागली असेल तरच लिहा असं नाही. रोहयो (रोजगार हमी योजना), कामगार विमा, बांधकाम कामगार नोंदणी, ज्या टेबलापुढे काम किंवा हक्क मागायला उभे राहिलात त्याचं लिहा.

वाशीम, निवृत्त

मी 1984 ला बारावी झालो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात. पहाटेच्या एसटीनं अकोला, दुपारपर्यंत रांग, रात्री घर. दर तीन वर्षांनी नावनोंदणीच्या कार्डाचं नूतनीकरण. तारीख हुकली की ज्येष्ठता गेली, नाव पुन्हा शेवटी. माझ्या सोबतच्या एकाची तारीख ऐन कापूस वेचणीत आली, घरचे म्हणाले पुढच्या आठवड्यात जा. त्याची तीन वर्षं अशी पुसली गेली. मला 1990 ला नोकरीच्या मुलाखतीचा कॉल आला, पाटबंधारे खात्यात लागलो. तो मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याच्या वावरात राबला. हुशारीत तो माझ्यापेक्षा काकणभर सरसच होता. फरक फक्त त्या एका चकरेचा.

1959 च्या कायद्यानं सरकारी कार्यालयांना आणि 25 किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या खासगी मालकांना रिकाम्या जागा या ऑफिसला कळवणं सक्तीचं केलं होतं, म्हणून कार्डाला वजन होतं. 1996 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की केवळ इथून आलेल्या नावांवर थांबू नका, जाहिरातही द्या. ते योग्यच झालं, कार्ड नसलेल्यालाही दार उघडलं. पण तेव्हापासून लोक या ऑफिसला मोजेनासे झाले. 1998 ला वाशीम जिल्हा झाला आणि माझा पुतण्या काम उरकून दुपारच्या जेवणाला घरी आला. ऑफिस जवळ येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसलं.

धारणी, मेळघाट

धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, त्यात घाट. माझ्या गावात रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर. फॉर्म भरायला धारणीला जायचं आणि ओटीपी यायचा घरी ठेवलेल्या भावाच्या फोनवर. दोनदा असंच परत आले.

मग कोणीतरी अचलपूरच्या आदिवासी उमेदवारांच्या मार्गदर्शन केंद्राचं सांगितलं. साडेतीन महिन्यांचं स्पर्धा परीक्षेचं प्रशिक्षण, फी नाही, महिन्याला हजार रुपये विद्यावेतन, वर पुस्तकं. हजारात खोली भाडं आणि जेवण बसत नव्हतं, आम्ही तिघी मिळून राहायचो. पण तिथल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे कागद पाहिले आणि मला म्हणाले, "बेटा, तुझी जात वैधता कुठे आहे? निकाल लागल्यावर धावशील का?" मला तोवर वाटायचं, जातीचा दाखला आहे म्हणजे झालं; तो समितीकडून तपासून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं हे माहीत नव्हतं. आमच्यात कोरकू बोलतात, मराठी मी शाळेत शिकले. सरकारी कागदावरची मराठी तर आणखी वेगळी. ती समजावून सांगणारं माणूस समोर बसलेलं लागतं. आज मी वनरक्षक आहे.

बुलडाणा जिल्हा

माफ करा, पण मी अकरा वर्षं कार्ड जपलं. एक कॉल नाही. ते ऑफिस उघडून पोरांना पुन्हा खोटी आशा का लावायची?

यवतमाळ जिल्हा (धागा सुरू करणारी)

दादा, तुमचा राग खरा आहे. नोकऱ्याच नाहीत तर ऑफिस त्या कुठून आणणार, हे मान्य. पण काय मिळू शकतं आणि काय मिळणार नाही, हे अकरा वर्षांत तुम्हाला कोणी स्पष्ट सांगितलं का? मला ते सांगणारा माणूस हवा आहे.

वरोरा तालुका, ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो

ऑफिस बंद झालं तर माझी गिऱ्हाइकी वाढते, तरी लिहितो. 2024 ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिन्याला विद्यावेतन. दुकानापुढे पोरं मावेनात. निम्म्यांच्या आधारला जुना नंबर, वडिलांचा, तोही बंद पडलेला. कोणाची आधीच नोंदणी झालेली, पासवर्ड माहीत नाही. मी बटणं दाबू शकतो. पण "दादा, मी आयटीआय फिटर, पुढे अप्रेंटिस करू की हे घेऊ?" असं पोरगं विचारतं तेव्हा मी काय सांगू? चुकीचं सांगितलं तर त्याचं वर्ष जातं. जिल्ह्याचा नंबर देतो, लागला तर लागला.

आर्वी तालुका

सासूबाईंनी सांगितलं, तसंच लिहिते.

"मी काई शिकेल नाई. रोजगार हमीचं काम मांगाले गेलो का तोंडी सांगत, 'काम निंगालं का बलावतो.' मंग एका बाईनं सांगतलं, तोंडी नोको मांगू, नमुना चार, म्हंजे काम मांगाचा अर्ज, भर आन् पावती घे. पावतीवर तारीख पायजे. पंधरा दिसात काम नाई भेटलं तं भत्ता द्या लागते. आमी अठरा बाया गेलो, पावती घेतल्याबिगर हाललो नाई. बाराव्या दिवशी बांधबंदिस्तीचं काम निंगालं. पावती कोण देते मले सांग? खुर्चीत माणूस असंन तं देईन ना. कुलपाले काय मांगू?"

बुटीबोरीत होतो, आता कुही तालुक्यात

2020 ला कंपनीनं कमी केलं. कामगार विम्यात (ईएसआय) तेव्हा सुटलेल्या नोकरीचा भत्ता मिळत होता, सरासरी रोजाच्या निम्मा, 90 दिवसांपर्यंत, हे सोबतच्या कोणालाच माहीत नव्हतं. खिडकीवरच्या मॅडमनी विचारलं म्हणून कळलं. मला मिळाला. जे गावी निघून गेले होते, ते भत्त्याला मुकले.

अकोला जिल्हा, सेवानिवृत्त लिपिक

बरीच वर्षं मी तालुक्याला जाऊन असंच टेबल लावत होतो. योजना विचारणारे थोडे. बाकीच्यांचा एकच प्रश्न असायचा, "साहेब, माझं नाव अजून हाये ना?" यादी संगणकात गेली होती, तरी मी जुनं रजिस्टर सोबत न्यायचो. पान काढून त्यांच्या नावावर बोट ठेवायचो. ते वाकून पाहायचे. ज्यांना वाचता येत नसे, तेही वाकून पाहायचे. मग पिशवी उचलून बाजारात जायचे.