सोसायटीच्या ग्रुपवर: गणपतीचा देखावा आणि पाटीचा मजकूर

सेक्रेटरी: यंदा देखाव्याला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ठरलंय. पाटीचा मजकूर आज रात्रीपर्यंत टाका, पेंटर उद्या येतोय.

सी-३०१: सोपं आहे. ‘संगीतसूर्य केशवराव भोसले यांनी उभारलेले नाट्यगृह.’ 👍

ए-१०४ काका: थांब जरा. बांधलं शाहू महाराजांनी. १९१५ ला सुरू झालं, नाव पॅलेस थिएटर. केशवराव तेव्हा पंचविशीचे, स्वतःची ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनी घेऊन गावोगाव फिरत होते.

सी-३०१: काय सांगताय काका! मग हे नाव?

ए-१०४ काका: स्वातंत्र्यानंतर दिलं. माणूस कोल्हापूरचाच. १९२१ च्या जुलैत मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ नाटक केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ऑक्टोबरात गेलेसुद्धा, वय ३१. नाव दिलं ते योग्यच, पण पॅलेस थिएटर म्हटलं तर आता रिक्षावाला तोंडाकडं बघतो.

बी-२०२: फॉरवर्डमध्ये १९१३ लिहिलंय 🤔

ए-१०४ काका: ते बांधकाम सुरू झाल्याचं साल. बाळा, फॉरवर्ड बघून पाटी रंगवू नकोस. करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० पासूनची लायब्ररी आहे, महाराजांची चरित्रं काढून बस.

बी-४०३ काकू: खासबाग पण दाखवा की. नाट्यगृहाला खेटून कुस्तीचं मैदान, असं दुसरीकडं कुठं आहे? महाराजांनी रोममध्ये जुना आखाडा बघितला, तिथनं ते मैदान डोक्यात आलं म्हणतात.

सेक्रेटरी: काकू, मंडप केवढा आपला 😅

सी-३०१: मी आगीचा सीन करतो. लाल एलईडी, धुराचं मशीन. लै भारी दिसेल!

बी-४०३ काकू: अजिबात नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह पेटलं, गच्चीवरनं ज्वाळा बघितल्यात आम्ही. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गणपतीपुढं परत पेटवायचं व्हय?

सी-३०१: पण लोकांना तेवढंच माहीत आहे ना.

ए-१०४ काका: म्हणूनच नको. आगीची एक ओळ पाटीवर येऊ दे. देखावा १९१५ चा करा, दारात बैलगाड्या, टांगे.

सेक्रेटरी: फायनल. ‘पॅलेस थिएटर, १९१५. उभारणी : राजर्षी शाहू महाराज. आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह.’ खाली आगीची तारीख. हरकत?

बी-४०३ काकू: खासबाग?

सेक्रेटरी: बरं, मागं छोटा गोल करू. थर्माकोल चालणार नाही, बंदी आहे. पुठ्ठे कोण आणतंय?

बी-२०२: आमच्या फ्रिजचा खोका आहे.