विषय: जपानी शिकायला कुठली मांगा घ्यावी?

प्रेषक: निशी-कासाई

नमस्कार मंडळी,

एप्रिलपासून आम्ही तोक्योतल्या निशी-कासाईत आहोत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकले, जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास झाले. वॉर्ड ऑफिसात आणि दवाखान्यात निभावतं, कारण तिथे समोरचा माणूस 'देसु-मासु' हे नम्र प्रत्यय लावून सावकाश बोलतो. पण लेकीला होइकुएनमधून, म्हणजे पाळणाघरातून, आणायला जाते तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या आया एकमेकींशी जे बोलतात, त्यातलं काहीच पदरात पडत नाही. सगळे सांगतात, मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाच. पुस्तकांच्या दुकानात गेले तर जमिनीपासून छतापर्यंत मांगा, आणि प्रत्येक प्लॅस्टिकमध्ये बंद. आत काय आहे ते कळायला मार्गच नाही. कुठून सुरुवात करू? तुमच्यापैकी कोणी मांगा वाचून बोलीभाषा शिकलं असेल तर कृपया सांगा.

---

प्रेषक: कावासाकी (मंडळाची पुस्तकपेटी)

स्वागत गं!

होइकुएनच्या दाराशी काय बोलतात ते कळत नाही, असं तू लिहिलंस. मग त्याच दाराशी घडणारी गोष्ट घे. शेजारी, बाजार, शाळा, घरातली रागवारागवी जिच्यात आहे अशी. राक्षस, तलवारी, समुद्री चाचे यांना आपापली भाषा असते, आणि ती तुला सोमवारी सकाळी उपयोगाची नाही.

माझ्याकडून पहिलं नाव 'योत्सुबातो'. आझुमा कियोहिको यांची ही मालिका २००३ मध्ये सुरू झाली. लहानगी योत्सुबा आणि तिचे बाबा नव्या घरी राहायला येतात. पहिलं प्रकरण घर बदलण्याचं, दुसरं शेजाऱ्यांकडे जाऊन नमस्कार-चमत्कार करण्याचं, पुढे खरेदी, सिकाडा पकडणं, धो धो पाऊस. तू आत्ता ज्यातून जाते आहेस तेच सगळं. शेजारच्या घरात तीन मुली आणि त्यांची आई आहे. त्या घरातलं बोलणं म्हणजे तुला हवं आहे तेच बोलणं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या दहा पानांत धीर सुटणार नाही. ही मांगा 'सगळ्यांत सोपी' म्हणून सुचवली जाते आणि लोक ती अर्ध्यात सोडतात. कारण योत्सुबा लहान आहे, तिच्या तोंडी जवळजवळ सगळं हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या अक्षरांत, आहे, आणि जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. 'आईला फुलं आवडतात' हे वाक्य नुसत्या हिरागानात लिहून बघ. 'हाहा' म्हणजे आई, मग 'वा' हा प्रत्यय, जो 'हा' या अक्षराने लिहितात, मग 'हाना' म्हणजे फूल. कागदावर येतं ते असं: हाहाहाहानागासुकिदा. ओळीने चार 'हा'! कुठला शब्द कुठे संपला ते डोळ्यांना कळत नाही. कांजी, म्हणजे अर्थ दाखवणारी चिनी अक्षरं, असती तर एका नजरेत कळलं असतं. म्हणून योत्सुबाची वाक्यं मोठ्याने वाच. कानाला शब्द तुटून ऐकू येतात. आणि बाबांची, शेजारणींची वाक्यं वाचताना कांजीला घाबरू नको, उलट त्यांचाच आधार घे.

कांजीवर छोट्या अक्षरांत उच्चार छापलेला असतो, तो फुरिगाना. तो आहे की नाही हे मुख्यतः मूळ मासिक कोणासाठी निघतं त्यावर ठरतं. मुलामुलींसाठीच्या मासिकांतल्या मांगांना, म्हणजे 'जम्प', 'रिबोन', 'कोरोकोरो' वगैरे, जवळपास प्रत्येक कांजीवर फुरिगाना असतो. मोठ्यांच्या साप्ताहिकांतल्या मांगांना तुरळक. स्वयंपाकाच्या किंवा ऑफिसच्या सुंदर मांगा याच दुसऱ्या गटात येतात, म्हणून त्या वर्षभराने. फुरिगाना नसेल तर शब्दकोशात शोधणार काय? बोटाने कांजी काढत बसावं लागतं, आणि तिथेच वाचन संपतं. 'बुंको' म्हणून खिशात मावणाऱ्या आवृत्त्या मिळतात, त्या घेऊ नको. त्यांत फुरिगाना इतका बारीक होतो की मला चष्म्यानेही जड जातो.

वर्गात आपण 'विसरले' यासाठी 'वासुरेते शिमाइमाशिता' शिकतो. घरात कोणी असं बोलत नाही, 'वासुरेच्यात्ता' म्हणतात. 'इकानाकेरेबा नारिमासेन' (जायला हवं) हे एवढं लांबलचक वाक्य 'इकानाक्या'वर संपतं. 'शिते इरु'चं 'शितेरु', 'शिते ओकु'चं 'शितोकु', 'तो इउ'चं 'त्ते'. दाराशी तुझ्या कानातून निसटतं ते बहुतेक हेच. शब्द तुला येतात, त्यांची झिजलेली रूपं येत नाहीत. मांगात ती जशीच्या तशी छापलेली असतात आणि तू समजून घेईपर्यंत थांबून राहतात. हे चार-पाच बदल एका कागदावर लिही आणि तो कागद खूण म्हणून पुस्तकातच ठेव.

दुसरं नाव 'दोराएमोन'. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९७० च्या जानेवारी अंकांपासून शोगाकुकान प्रकाशनाच्या मुलांच्या सहा मासिकांत ती एकदम सुरू केली. प्रत्येक इयत्तेचं मासिक वेगळं, गोष्टही वेगळी. त्यामुळे काही गोष्टी अगदी बाळबोध, काही थोड्या पुढच्या. मूळ मालिकेचे ४५ खंड आहेत आणि गोष्टी सुट्या सुट्या, थोड्याच पानांच्या. झोपण्यापूर्वी एक वाचून होते. यंत्रांची नावं चमत्कारिक असतात, ती सोडून दे. नोबिताची आई त्याला कशी रागावते तिकडे लक्ष दे. शोगाकुकानच्या मांगांत आणखी एक सोय आहे: बोलण्याच्या फुग्यात पूर्णविराम, स्वल्पविराम छापतात. बाकीचे बरेच प्रकाशक छापत नाहीत. वाक्य कुठे संपलं ते दिसणं नवशिक्याला फार मोलाचं.

प्लॅस्टिकवर उपाय सोपा आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात, 'बुक-ऑफ'सारख्या, मांगा उघड्या असतात आणि उभ्याने वाचायला कोणी हटकत नाही. पहिलं पान बघू नको, तिथे ओळख करून देणारा मजकूर असतो. मधलं एखादं पान उघड आणि दोन पानं शब्दकोशाशिवाय वाच. निम्मे शब्द अडले तरी काय चाललं आहे ते कळलं, तर घे. नाही कळलं तर परत ठेव, कितीही नावाजलेली असली तरी.

---

प्रेषक: योकोहामा

ताई, तुमच्या फुरिगानाच्या आणि 'वासुरेच्यात्ता'च्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. पण 'घरगुतीच घ्या' हे मला पटत नाही, म्हणून लिहितो.

योत्सुबा मी दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. काही घडतच नाही असं वाटायचं. मला जपानी वाचायला लावलं ते 'हाइक्यू'ने. हायस्कूलच्या व्हॉलीबॉल संघाची गोष्ट, 'जम्प'मध्ये २०१२ ते २०२० चालली, ४५ खंड. मी शाळेपासून व्हॉलीबॉल खेळलेला माणूस. टॉस, ब्लॉक, स्पाइक, रिसीव्ह हे सगळे शब्द काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांच्या लिपीत, आधीच ओळखीचे. चेंडू कुठे चालला आहे ते चित्रात दिसतं. एक सामना कित्येक प्रकरणं चालतो, त्यामुळे तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि पाठ करावे लागत नाहीत.

आणि बोलीचं म्हणाल तर संघात सेनपाई-कोहाई, म्हणजे थोरले-धाकटे, असतात. धाकटा थोरल्याशी कसा बोलतो, थोरला धाकट्याला काय म्हणतो, दोन्ही एकाच पानावर. 'सो देसु ने'चं 'सोस्सु ने' होतं हे मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. ते मी तिथे वाचलं आणि मग ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांच्या तोंडी रोज ऐकू यायला लागलं.

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या पानावर काय होणार याची ओढ नसेल तर सोपी मांगाही वाचून होत नाही.

---

प्रेषक: ओसाका

थोडक्यात लिहिते. तोक्योत असाल तर पहिली मांगा निवडताना बोली कुठली आहे ते बघा. 'हादाशी नो गेन' फार मोठं पुस्तक आहे, प्रत्येकाने केव्हातरी वाचावंच, पण त्यातली माणसं हिरोशिमाचं बोलतात. 'फ्लाइंग विच' नवशिक्यांना नेहमी सुचवतात आणि ती खरंच गोड आहे, पण आओमोरीतली असल्यामुळे त्यातले वडील त्सुगारु बोलीत बोलतात. त्यांचं बोलणं कळलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. आमच्यासारखं ओसाकात राहत असाल तर उलट. 'कोनान' या गुप्तहेरकथेतल्या हात्तोरी हेइजीच्या तोंडचं ओसाकाबेन, म्हणजे ओसाकाची बोली, वाचून मला खालच्या भाजीवाल्याशी बोलायला खूप मदत झाली. बाकी 'कोनान' मात्र नवशिक्यांसाठी नाही, खुनाचा उलगडा सुरू झाला की फुगे मजकुराने गच्च भरतात.

---

प्रेषक: साइतामा

माझा मुलगा इथल्या प्राथमिक शाळेत आहे, त्या बाजूने दोन गोष्टी.

पहिलीत ८० कांजी, सहावीपर्यंत मिळून १,०२६. वर्गातली मुलं मात्र 'किमेत्सु नो याइबा' कधीच वाचायला लागतात, त्यात ताइशो काळातले (१९१२ ते १९२६) जुने शब्द भरपूर असूनही. हे केवळ फुरिगानामुळे. तेव्हा मुलांच्या बाबतीत 'झेपेल का' याची चिंता आपण जरा कमी करावी. विकत घ्यायचं नसेल तर जवळच्या जिदोकानमध्ये, म्हणजे बालकेंद्रात, मुलांच्या मांगांचं कपाट आहे का ते बघा, आमच्याकडे आहे. शाळेच्या आणि वॉर्डाच्या ग्रंथालयांत अभ्यासाच्या मांगाही मिळतात, जपानच्या इतिहासाच्या, विज्ञानाच्या. गाक्केन प्रकाशनाची 'मान्गा दे योकु वाकारु' ही मालिका तर शाळा-ग्रंथालयांना भेट म्हणून दिली जाते. त्यांतली भाषा समजावून सांगणारी असते, म्हणून पालकांनाही बरी.

दुसरी गोष्ट आवाजांच्या शब्दांची. चित्रावर हाताने रंगवलेली मोठी अक्षरं असतात, त्यांना फुरिगाना नसतो आणि बरीचशी काताकानात असतात. तिथे 'शि' आणि 'त्सु', 'न' आणि 'सो' यांची गल्लत होते, कारण फरक फक्त रेघेच्या कलात आहे. एकदा तेवढं बसलं की मराठी माणसाला पुढे अडायला नको. धडधड, लखलख, चिकचिक, रिमझिम आपण दिवसभर म्हणतो. दोकिदोकी, किराकिरा, बेताबेता, शितोशितो त्याच जागी बसतात. मी आणि मुलगा चित्र झाकून आवाज वाचतो आणि चित्रात काय असेल ते ओळखतो. 'शीऽन' असं लिहिलं असेल तर तिथे आवाजच नाही, सगळे गप्प आहेत, हे त्याने मला शिकवलं.

---

प्रेषक: कावासाकी (मंडळाची पुस्तकपेटी)

योकोहामाच्या दादांचं पत्र पुन्हा वाचलं. त्यांनी निवडलेलं जगही त्यांना आधीपासून माहीत होतं. चेंडू, जाळी, खेळाडूंच्या जागा, सगळं. म्हणजे घरगुती की मैदानी हा प्रश्न नाही. जे जग तुला मराठीत पाठ आहे त्याची मांगा घे, मग अडलेला शब्द प्रसंगावरून उलगडतो. तू होइकुएनबद्दल लिहिलंस म्हणून मी योत्सुबा सांगितली. तू शिवण करतेस, क्रिकेट बघतेस, दवाखान्यात काम केलं आहेस, तर मला कळव, मी त्या विषयातली शोधून देते. 'हाताराकु साइबो' शरीरातल्या पेशींवर आहे. आमच्या मंडळातल्या एका डॉक्टरांनी ती सहज वाचली, इतरांना रक्तपेशींची नावंच जड गेली.

वाचलेलं कुठलं बोलायचं आणि कुठलं फक्त समजून घ्यायचं, हेही सांगायला हवं. ओसाका विद्यापीठात असताना भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी 'याकुवारिगो' (पात्राच्या भूमिकेची ठरीव भाषा) या नावाने हे मांडलं. मांगातला म्हातारा प्रोफेसर स्वतःला 'वाशी' म्हणतो आणि वाक्य 'ज्या'वर संपवतो, श्रीमंत घरची मुलगी 'देसुवा' म्हणते. वाचकाला पात्र चटकन ओळखू यावं म्हणून ही भाषा ठरून गेली आहे, रस्त्यावर ती ऐकू येत नाही. लढाईच्या मांगांतलं 'ओमाए' आणि 'तेमे' ('तू' म्हणायचे उद्धट शब्द) तर तोंडात बसू देऊ नका. समोरच्याला ते शिवीसारखं लागू शकतं. 'स्पाय फॅमिली'तली आन्या 'दाइजोबुमासु' म्हणते. ते मुद्दाम चुकीचं लिहिलेलं आहे, बरोबर 'दाइजोबु देसु'. जपानी वाचकाला ते तिथल्या तिथे कळतं, आपल्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. माझी कसोटी अशी: तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच परिस्थिती असलेली बाई त्या मांगात जे बोलते, ते उचल. योत्सुबाच्या शेजारची आई, नोबिताची आई. बाकीच्यांचं नुसतं समजलं तरी पुरे.

---

प्रेषक: निशी-कासाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन मधली पानं उघडून बघितली. 'दोराएमोन'चं एक पान शब्दकोशाशिवाय कळलं. 'योत्सुबातो'मध्ये शेजारणी बोलतात ती पानं कळली, योत्सुबाची वाक्यं दुकानात मोठ्याने वाचता आली नाहीत, ती घरी येऊन वाचली. दोन्हींचा पहिला खंड घेतला आहे.

कावासाकीच्या ताई, पुण्यात मी बालवाडीत शिकवत होते. बालवाडी किंवा होइकुएन मुख्य विषय असलेली, फुरिगाना असलेली मांगा पेटीत असेल तर माझ्यासाठी बाजूला ठेवाल का? पुढच्या रविवारी ढोल-ताशाच्या सरावाला येते तेव्हा घेऊन जाईन. योकोहामाच्या दादांनी 'हाइक्यू'चा पहिला खंड आणला तर माझ्या नवऱ्याला हवा आहे. तोही कॉलेजच्या संघात होता.