विषय: ईएसआर ५८, सातवा महिना आणि एमएस

नमस्कार मंडळी,

धाकटी बहीण सांगलीला, विश्रामबागेत असते. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचं दुखणं) आहे, आता गरोदरपणाचा सातवा महिना चालू आहे. काल रिपोर्ट आला: ईएसआर ५८, पांढऱ्या पेशी १३,२००, सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) ९. तिन्ही आकडे ठळक छापलेत. आई म्हणते, दुखण्यानं परत डोकं वर काढलं. मिरजेचे न्यूरॉलॉजिस्ट सोमवारी भेटतील, तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला. यादीवरच्या डॉक्टर मंडळींपैकी कुणी सांगेल का?

— सांगलीकर

*

सांगलीकर,

मी पॅथॉलॉजीवाला, मूळचा साताऱ्याचा. आईंना सांगा, ठळक अक्षरं लॅबचं सॉफ्टवेअर छापतं, आणि ईएसआरची ती ० ते २० ची मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची असते. दिवस गेल्यावर रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं. तांबड्या पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक बसतात आणि नळीत भराभर खाली जातात. तासात किती मिलिमीटर खाली गेल्या, तो ईएसआर. सातव्या महिन्यात पन्नास-साठ नेहमीचंच. पांढऱ्या पेशी आणि सीआरपीही थोडे चढतातच.

शिवाय एमएसची सूज असते मेंदूत नि मज्जारज्जूत. ऐन अटॅकमध्येही हे आकडे नॉर्मल असू शकतात. अटॅक ओळखायचा लक्षणांवरून: ताप नसताना नवी तक्रार २४ तासांहून जास्त टिकली तर. गरज पडली तर एमआरआय, तोही गॅडोलिनियमचं (चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन न देता.

मला काळजी लघवीची. एमएसमध्ये बऱ्याचदा मूत्राशय नीट रिकामं होत नाही, त्यात गरोदरपण. जंतुसंसर्ग झाला की जुनीच लक्षणं उसळतात, लोक त्याला अटॅक समजतात. लघवी रूटीन आणि कल्चर केलंय का? ताप, थंडी, जळजळ, अंधुक दिसणं, पायातली ताकद जाणं, यातलं काही असेल तर सोमवारची वाट बघू नका.

आणि तुमची रजा आत्ता खर्चू नका. १९९८ साली युरोपातल्या २५४ बायकांचा अभ्यास छापून आला. शेवटच्या तिमाहीत अटॅक सगळ्यात कमी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढलेले. माणसं लागतील ती तेव्हा.

हिमोग्लोबिन किती?

*

९.४. ताप नाही, नवं काही नाही. दमते फार, पण ते एमएसचंच म्हणून कुणी मनावर घेत नाही. लघवी उद्या सकाळी देतोय.

*

मग सोमवारी आधी हे कमी हिमोग्लोबिन, ९.४, दाखवा. ईएसआरला त्याचाही हातभार आहे. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) करा. ते कमी आलं तर लोह कमी हे नक्की. नॉर्मल आलं तर मात्र निर्धास्त होऊ नका, सूज असली की फेरिटिन उगाच चढतं.