चौकशीच्या वेळी वकील सोबत बसू शकतो का? (कलम ३८)

सनदपूर्व
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ नुसार अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, 'परंतु संपूर्ण चौकशीभर नाही'. मग वकील खोलीत बसतो की बाहेर? नुसती नोटीस आली असेल तर हा हक्क मिळतो का? आणि घरच्यांनी पहिल्या रात्री काय करायचं?

वकीलपत्र
खोलीत सतत बसण्याचा हक्क हे कलम देत नाही. काही प्रकरणांत न्यायालयांनी मधला मार्ग काढला आहे: वकिलाला चौकशी दिसेल, पण ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर बसू द्यायचं. तसा आदेश हवा असेल तर रिमांडच्या वेळीच (कोठडी मागण्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे हजर करतात तेव्हा) लेखी अर्ज द्या.

नोटिशीचा (कलम ३५(३), म्हणजे अटक न करता पोलिसांपुढे हजर व्हायला सांगणारी) प्रश्न जास्त अवघड आहे. कलम ३८ ची सुरुवातच 'अटक झाल्यावर' अशी आहे. नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने संशयिताला वकील सोबत ठेवू द्यावा असं म्हटलं, पण पूलपांडी निकालात (१९९२) सीमाशुल्क चौकशीपुरता हा हक्क नाकारला. म्हणून नोटीस आलेल्याने हजर होण्याआधीच वकिलाचा सल्ला घ्यावा. स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा कलम १८०(२) मध्ये आहे, आणि पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते (कलम १८१). हे दोन मुद्दे त्याला पाठ असू द्या.

ठाणेडायरी
पहिल्या रात्रीबद्दल. तोंडी विनंतीचा पुरावा राहत नाही. तपास अधिकाऱ्याच्या नावे एक पानी अर्ज लिहा: ताब्यात घेतल्याची वेळ, वकिलाचं नाव, कलम ३८ खाली भेटीची मागणी. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि वेळेसह पोच घ्या. पोच नाकारली तर तोच मजकूर लगेच ठाण्याच्या आणि अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा. वकिलाने भेटीला जाताना वकीलपत्र (वकील नेमल्याचा कागद) सोबत न्यावं, सही तिथेच होते.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. माणूस दुपारी 'चौकशीसाठी' नेला जातो आणि अटक रात्री दाखवली जाते. मग दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे २४ तास रात्रीपासून मोजले जातात. म्हणून सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा. परमवीर सिंग सैनी आदेशाने (२०२०) ठाण्यांतलं चित्रण १८ महिने ठेवायला सांगितलं आहे.

अटकेची कारणं लेखी आणि त्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत मिळाली का, हेही तपासा. मिहिर शहा निकालानुसार (२०२५) ती उशिरात उशिरा रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, नाहीतर अटक बेकायदा ठरते. हा मुद्दा पहिल्याच रिमांडला मांडा.

सनदपूर्व
आणि वकील परवडतच नसेल तर?

वकीलपत्र
कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२). १५१०० वर फोन करा किंवा जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक (सरकारी खर्चाने बचाव करणारे वकील) कार्यालयाला कळवा. अडचण अशी की कसाब निकालाने (२०१२) सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा हजर करण्यापासून धरला. ठाण्यातल्या पहिल्या चौकशीसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१९ ची कार्यपद्धती आहे, पण तिला कायद्याचं बळ नाही.

अनुच्छेद_बावीस
सुधारणा व्हायला हवी ती नेमकी इथे. सलदुझ निकालात (२००८) युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पहिल्या चौकशीपासून वकील हवा असं ठरवलं. त्यावर विसंबून २०१० मध्ये कॅडर खटल्यात स्कॉटलंडची वकिलाविना सहा तास स्थानबद्ध ठेवून चौकशीची पद्धत कोसळली. तिथल्या संसदेने दुसऱ्याच दिवशी कायदा केला, वकिलाचा हक्क दिला, पण स्थानबद्धतेची मर्यादा सहावरून बारा तासांवर नेली. आपल्याकडे तर हक्काचा मजकूर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-ड चाच राहिला आणि कोठडी तेवढी सैल झाली: कलम १८७ मुळे १५ दिवसांची पोलीस कोठडी गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. म्हणजे चौकशी पुन्हापुन्हा होणार. कलम ३८ च्या दुरुस्तीसाठी सूचना पाठवायच्या असतील तर 'संपूर्ण चौकशीभर नाही' हे शब्द वगळण्याची, कलम ३८ नोटिशीच्या टप्प्यालाही लावण्याची आणि वकील नसताना झालेल्या चौकशीचं दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचं करण्याची मागणी एकत्र करा. नुसतं चित्रण मागितलं तर वकिलाऐवजी कॅमेरा दिला जाईल.