एक बेडरूमच्या घरात कोल्ड प्रोसेस साबण: भांडी कुठली घेऊ, आणि कॉस्टिक कुठे कालवू?

कांजूरमार्ग_सातवा_मजला

नमस्कार. कोल्ड प्रोसेस, म्हणजे तेलात कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालून न शिजवता साबण करायची पद्धत, तिचे दोन महिने नुसते व्हिडिओ बघतेय, आता प्रत्यक्ष करायचंय. सासूबाईंच्या हातांना बाजारातला कुठलाच साबण मानवत नाही, भेगा पडतात. त्यांच्यासाठी बिनवासाचा, साधा साबण हवा आहे. घर लहान, ओटा जेमतेम साडेचार फुटांचा आणि मुलगा चार वर्षांचा, दिसेल त्याला हात लावणारा.

घरात आहे ते असं: हिंदालियमचं जाड पातेलं, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, जुना हँड ब्लेंडर, भांडी घासायचे रबरी हातमोजे. कृती मिळाली ती अशी: खोबरेल १५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ८० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. वाण्याकडे नुसता 'सोडा' मागितला तर त्याने दोन वेगळ्या पुड्या पुढे केल्या. काही न घेता परत आले.

एवढ्यावर भागेल का? कॉस्टिक ओट्यावर कालवू की बाल्कनीत? खरं सांगायचं तर भीती वाटते.

दादर_पूर्व

अगं, मीही अशीच घाबरत होते! वाण्याकडे मिळतो तो धुण्याचा किंवा खायचा सोडा, त्याने साबण होत नाही. मोरी तुंबल्यावर टाकायची पावडरसुद्धा नको, त्यात काहीबाही मिसळलेलं असतं. मी वडगादीतल्या केमिकलच्या दुकानातून आणते, मशीद बंदर स्टेशनहून चालत जाता येतं. 'सोडियम हायड्रॉक्साइड' असं कॉस्टिक सोड्याचं पूर्ण नाव सांग आणि शुद्धता लेबलवर लिहिलेली असेल तरच घे. गॉगल प्रिन्सेस स्ट्रीटला आणि सिलिकॉनचे साचे क्रॉफर्ड मार्केटात मिळतील. व्हिनेगरची बाटली मात्र उघडून जवळ ठेव, अंगावर उडालं की लगेच ओतायला.

लालबाग_दुसरा_मजला

ताई, सगळ्यात आधी तो ८० चा आकडा खोडा.

प्रत्येक तेलाला कॉस्टिक किती लागतं ते ठरलेलं असतं. एका ग्रॅमला खोबरेलाला साधारण ०.१८३, शेंगदाण्याला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. म्हणजे तुमच्या कृतीत २७.४५ अधिक ४०.८ अधिक ६.४, बेरीज ७४.६५ ग्रॅम. सगळ्या तेलाचा साबण व्हायला एवढंच पुरतं. शिवाय पाच टक्के तेल मोकळं राहू द्यायचं, म्हणजे जवळपास ७१ ग्रॅम. ८० घातलंत तर कॉस्टिक साबणात शिल्लक राहील, आणि भेगा पडलेल्या हातांवर तोच साबण जाईल. पाणी सोड्याच्या दुप्पट, १४२ ग्रॅम, तेही वजनानेच. तेल बदललं की आकडा बदलला, म्हणून दरवेळी साबणाच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा पडताळा. कुणी चमच्याच्या मापाने कॉस्टिक सांगत असेल तर ती कृती तिथेच सोडा. तुमचा एक ग्रॅमचा काटा ५०० ग्रॅम तेलाला चालेल. त्याहून लहान घाणा नका काढू, त्यात दोन ग्रॅमची चूकही भारी पडते.

आता भांडी. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक होते आणि निवृत्तीनंतर नऊ वर्षं घरी साबण करतेय, त्या भरवशावर सांगते. हिंदालियम अजिबात नको. तेही ॲल्युमिनियमच. कॉस्टिक त्याला खातं, पातेलं फसफसतं, काळं पडतं आणि हायड्रोजन निघतो, जो पेट घेणारा वायू आहे. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड आणि नॉनस्टिकचं अंगही बहुतेक ॲल्युमिनियमचंच असतं. पितळ नको, कल्हईचंही नको. लोहचुंबक लावून बघू म्हणाल तर फसाल, कारण चांगलं स्टील आणि ॲल्युमिनियम दोघांनाही तो चिकटत नाही. सरळ डाळ-भाताचं जाड स्टीलचं पातेलं घ्या, किंवा तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला पीपी प्लॅस्टिकचा जग. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक नको, गरम कॉस्टिकपुढे ते टिकत नाही. काचेचा बीकर माझ्या हाताचा, तरी साबणाला मी तो वापरत नाही. कॉस्टिक काचेला हळूहळू कोरतं आणि एक दिवस भरलेला बीकर तळातून सुटतो. लाकडी चमच्याचे धागे निघतात, तेव्हा ढवळायला स्टील किंवा सिलिकॉन. ब्लेंडरची दांडी उलटी करून बघा, पात्याभोवतीची वाटी पुष्कळदा ॲल्युमिनियमची निघते.

यातलं काहीही स्वयंपाकात परत जाऊ द्यायचं नाही. मी प्रत्येक भांड्याच्या कानाला लाल नेलपॉलिशचा पट्टा ओढलाय. घरात कुणाला विचारावं लागत नाही.

हातमोजे चालतील, पण आधी त्यांत पाणी भरून पिळून बघा, बोटांच्या टोकाला बारीक भोकं असतात. पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा आणि पायात बंद चप्पल किंवा बूट. आणि गॉगल, चारही बाजूंनी चेहऱ्याला बसणारा. वाचायचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. यात काटकसर नको. त्वचेवरचा डाग भरून येतो, डोळ्याचं तसं नसतं.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. जून महिना, दुपारचे तीन. वजन करताना कॉस्टिकची एक चकती कडाप्प्यावर पडली, साबुदाण्याएवढी. मला दिसली नाही. आपल्या दमट हवेत कॉस्टिक पाणी ओढून घेतं. काही वेळात त्या चकतीचा स्वच्छ, गोल थेंब झाला. नळाखालून उडालेल्या थेंबासारखाच. मी ओट्यावर कोपर टेकवलं. आधी दुखलंच नाही. नुसतं बुळबुळीत लागलं, शेवाळावर हात पडावा तसं. ते बुळबुळीत म्हणजे आपल्याच कातडीची चरबी साबण होत असते. आग नंतर सुरू झाली. नळ सोडला तर कोरडा, आमच्या चाळीत पाणी सकाळी दीड तास येतं. पिंपातून तांब्याने पाणी ओतत राहिले, शेजारीण धावून आली नसती तर एका हाताने किती वेळ ओतलं असतं? डाळिंबाच्या दाण्याएवढा डाग अजून कोपराशी आहे.

तेव्हापासून माझा नियम: नळाला धार असेल तेव्हाच कॉस्टिकचा डबा उघडायचा, आणि शेजारी भरलेली बादली ठेवायची. तुमच्याकडे टाकी असेल, तरी सोसायटी पाणी कधी बंद करते ते बघून घ्या. ओट्यावर वर्तमानपत्रं पसरा, म्हणजे पडलेली चकती दिसते. काम झालं की ओलं फडकं मोजे न काढता फिरवा.

दादर_पूर्व, तुम्ही काळजीनेच सांगितलंत, पण अंगावर व्हिनेगर नको. आम्ल आणि कॉस्टिक भेटले की उष्णता निघते, आणि बाटली शोधण्यात धुण्याचा वेळ जातो. अंगावर उडालं तर कपडा काढा आणि वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं, घड्याळ बघून. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ किंवा जास्तच, आणि मग थेट हॉस्पिटल, बरं वाटलं तरी. गाडी नसेल तर १०८. पोटात गेलं तर उलटी करवू नका. व्हिनेगर ओटा पुसून झाल्यावर शेवटचा हात मारायला ठेवा.

कालवायची जागा म्हणाल तर बाल्कनी नको, तिथे वाऱ्याने चकत्या उडतात. स्वयंपाकघरातलं सिंक बरं. पातेलं सिंकच्या आत ठेवा, म्हणजे सांडलं तरी तिथेच राहतं आणि नळ डोक्यावर असतो. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, छताचा पंखा बंद. गार पाणी पातेल्यात आधी घ्यायचं आणि सोडा त्यात थोडा थोडा सोडायचा. उलटं कधीच नाही. सोड्यावर पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून उसळतं. नीट केलं तरी द्रावण नव्वद अंशांच्या आसपास जाऊ शकतं आणि पहिल्या मिनिटात घशाला झोंबणारी वाफ येते. त्यावर वाकू नका.

मुलगा घरात असेल तर करूच नका. शाळेत असेल तेव्हा करा, किंवा सासूबाई त्याला खाली बागेत नेतील तेव्हा.

कांजूरमार्ग_सातवा_मजला

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून काढला. ब्लेंडर उलटा केला, वाटी ॲल्युमिनियमचीच निघाली. नवीन स्टीलच्या दांडीचा घेईन. द्रावण गार होईस्तोवर ठेवायचं कुठे? आणि उरलेला सोडा?

विक्रोळी_टागोरनगर

सोड्याचं मी सांगतो. घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत. ॲल्युमिनियमचा डबा नको आणि खाऊची बरणीही नको. पावसाळ्यात नुसतं झाकण सैल राहिलं तरी सोड्याचा गोळा होतो. तसा गोळा झालेला मी एकदा वापरला आणि साबण मऊच राहिला, कारण वजनात पाणीही मोजलं गेलं होतं. तेव्हापासून अर्धा किलोच आणतो.

लालबाग_दुसरा_मजला

बरोबर. बरणीवर 'विष, कॉस्टिक सोडा' असं लाल अक्षरांत मराठीत लिहा, म्हणजे कामाला येणाऱ्या बाईंनाही वाचता येईल. बरणी कुलपात किंवा माळ्यावर, किल्ली तुमच्याकडे.

द्रावण सिंकमध्येच झाकून ठेवा आणि तुम्ही तिथेच थांबा. ग्लासात, बाटलीत किंवा फ्रिजमध्ये ओतून ठेवायचं नाही. ते पाण्यासारखंच दिसतं. हाताला कोमट लागण्याइतकी पातेल्याची बाजू निवली की तेलात घाला. भांडी लगेच घासू नका. कच्चा साबण कागदाने पुसून काढा, रात्रभर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी मोजे घालून धुवा, तोवर त्याचा साबण झालेला असतो. वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवा, मगच सासूबाईंना द्या.

एक करा. पहिल्या दिवशी कॉस्टिक उघडूच नका. त्याच्या जागी साखर घेऊन मोजे, गॉगल, सिंक, बादली, सगळ्याची रंगीत तालीम करा. हात कुठे अडतो ते तेव्हाच कळतं.

कांजूरमार्ग_सातवा_मजला

काल साखरेने तालीम केली. गॉगलवर वाफ धरते आणि काट्याचा आकडा वाचायला मी वाकते, हे कळलं. आता काटा दोन डब्यांवर उंच ठेवलाय. शिवाय हात पुसायचं फडकं सिंकच्या पलीकडे होतं, ते घ्यायला पातेल्यावरून हात जात होता. ते अलीकडे टांगलं. सोमवारी मुलगा शाळेत गेला की ७१ ग्रॅम.